आजचं धुकं

समुद्रातून काढलेला कोम्बू, म्हणजे खायचं शेवाळ, वाळत घालायचा की नाही, हे रोज सकाळी खिडकीतून बघून फुसाए ठरवायची. पण गेली दोन वर्षं लख्ख ऊन असलं तरी तिला सकाळी धुकंच दिसायचं. अखेर डॉक्टरांनी बुबुळाच्या आतला पातळ पापुद्रा बदलला.

दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच सकाळी तिने खिडकी उघडली. सगळं पांढरं.

“अहो, वाया गेलं ऑपरेशन! परत धुकंच!”

तोकुझो हातातला वाडगा ठेवून धावत आला.

“अगं, आज खरंच धुकं आहे. किनाऱ्यावर कुणीच कोम्बू पसरलेला नाही.”

“उगाच समजूत काढू नका माझी.” ती रडवेली होऊन त्याच्याकडे वळली, आणि बघतच राहिली.

“हनुवटीला भाताचं शीत लागलंय तुमच्या.”