काढ्याचे दोन ग्लास

चौथ्यांदा पँट आवळायला आली तेव्हा हुसेन शिंपी हसला नाही.

आधीच्या तीन खेपांना त्यानं पलूसच्या अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशी थट्टा केली होती. "सुभेदार, सून लय गुणाची मिळाली! फौजेला जमलं न्हाई ते पोट तिनं जिऱ्या-ओव्यात उतरवलं!" आज त्यानं कमरेभोवती टेप फिरवली, आकडा बघितला आणि पुन्हा एकदा फिरवली.

"दिवाळीपासून सहा इंच," तो हळूच म्हणाला. "सुभेदार, नुसता काढाच हाय न्हवं त्यो?"

पँट आवळून झाल्यावर लालासाहेबांनी ती काखेत मारली आणि ते दुकानाची पायरी उतरले.

सुरुवात तशी गमतीची होती. जिरं, ओवा, बडीशेप, सुंठ आणि परसातला गवती चहा. क्रांती हे सगळं भाजून-कुटून पाकिटं करायची. पोट साफ, वजन कमी, असं बायकांना सांगायची. घरात चोवीस तास ढेकर देणारा सासरा असताना गिऱ्हाईक कशाला शोधायचं?

"आवं आबा, तुमचं पोट उतरलं की माझी जाहिरात फुकटात," ती म्हणाली होती.

"मी एकटा असला पाला पिणार न्हाई. तूबी घ्यायचा."

तेव्हापासून ओट्यावर रोज सकाळी स्टीलचे दोन ग्लास. एकावर निवृत्तीच्या वेळी कोरून मिळालेलं 'सुभेदार लालासाहेब'. दुसऱ्यावर लग्नातल्या आहेराचं 'सौ. क्रांती'. ज्याचं नाव त्याचा ग्लास. या घरात दुसऱ्याच्या ग्लासाला कुणी तोंड लावत नसे.

मग एका सकाळी दाराच्या फटीतून त्यांना ते दिसलं. मिठाच्या बरणीमागून क्रांतीनं कागदाची पुडी काढली. पांढरी पूड ओतली, ती फक्त त्यांच्या ग्लासात. ढवळली, चमचा पदराला पुसला आणि फोन कानाला लावला.

"घातली. न्हाई, त्यास्नी पत्ता न्हाई. अजून दोन म्हैने असंच चालू ठेवा म्हणालेत."

लालासाहेब दारापासून मागच्या मागं सरकले. डोकं हिशेबाचं. रस्त्याकडची दीड एकर क्रांतीनं पाकिटांच्या शेडसाठी मागितली होती, आणि 'मी मेल्यावर घे' हे उत्तर त्यांनीच दिलं होतं. उसाच्या रानातला तेवढाच तुकडा भाव येणारा. बेरीज जुळत होती.

पोलिसांत जावं तर घराची लाज जाते. पोराला, धैर्यशीलला कळवावं तर तो सरहद्दीवर, हातात बंदूक घेऊन उभा. दिवाळीच्या रजेत त्यानं त्यांना सांगलीला, विश्रामबागेत नेऊन रक्त काढायला लावलं होतं. रिपोर्टचा कागद आणायलासुद्धा लालासाहेब गेले नाहीत. डॉक्टरच्या गोळ्यांची जागा उकिरडा, हे त्यांचं मत सगळ्या भावकीला पाठ होतं.

त्यांनी आपला बंदोबस्त आपणच केला. काढा ओतून क्रांती म्हशीला पेंड टाकायला मागं जायची. तेवढ्या वेळात त्यांचा काढा तांब्यात, तिचा त्यांच्या ग्लासात, तांब्यातला तिच्या ग्लासात. नावं जागच्या जागी. पुडीत वाईट नसेल तर तिला काही व्हायचं नाही. आणि असेल, तर ज्याचं त्याला.

"प्या आबा, गरम गरम," ती यायची आणि आपला ग्लास उचलायची.

"तू आधी घे, पोरी."

आठवड्याभरात क्रांतीचा हात थरथरू लागला. सकाळी उठून ओकायची, घामेजून भिंतीला टेकायची, मग गुळाचा खडा तोंडात टाकून बसायची. लालासाहेब सगळं टिपत होते.  हे माझ्यासाठी होतं.

पण एक कोडं सुटेना. काढा बदलला तरी ते रोडावतच होते. घशाला कोरड, तांब्यामागून तांब्या पाणी. मोरीत मुंग्यांची रांग. क्रांती साखर सांडते आणि पुसत नाही, अशी त्यांनी मनात नोंद केली. म्हणजे जेवणातही घालत असणार! त्यांनी घरचं जेवण निम्म्यावर आणलं. पेठेत जाऊन दोन ग्लास उसाचा रस, केळी, पावशेर जिलेबी. डोळ्यांसमोर तळलेलं, तेवढंच बिनधोक.

तरी कंबर उतरतच होती.

पँट आवळून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी क्रांतीच्या पोटात सकाळपासून काही ठरलं नाही. काढा तेवढा तिनं घेतला. तासाभरात स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. ती जमिनीवर होती, घामानं चिंब, बोबडं काहीतरी बोलत. मग तेही थांबलं.

लालासाहेबांनी आधी मिठाच्या बरणीमागची पुडी खिशात घातली. मग शेजारच्यांना हाक मारली.

दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि वळून विचारलं, "सकाळपासून हिनं काय घेतलंय?"

लालासाहेबांनी ओठांवरून जीभ फिरवली. हात खिशात गेला. महिनाभर एकट्यानं उरावर वागवलेलं भय आता पुराव्यासकट टेबलावर ठेवायचं होतं. इतक्यात क्रांतीच्या पिशवीत फोन वाजला. धैर्यशीलचा. त्यांनी तो कानाला लावला.

"क्रांती? रेंज जाईल, नुसतं ऐक. आबांची साखरेची गोळी कुटून घातलीस न्हवं आज? चारशे हाय त्यांची साखर, एक दिवसबी चुकवू नगं. आन् तुला तिसरा म्हैना लागलाय, तू जप. गिलासावरचं नाव बघूनच उचलत जा."