पुजारिणीचं शस्त्र

"राक्षसाने तुझी गदा चावून थुंकून टाकली," खेळ चालवणाऱ्या निखिलेशने टेबलापलीकडून जाहीर केलं. ऋजुताने या खेळात दोन वर्षं जपलेलं पात्र, तिची पुजारीण, आता एका फटक्याची पाहुणी होती.

"कौस्तुभची तलवार घेऊ?" तिने विचारलं.

"पुजाऱ्यांना धारेची शस्त्रं चालत नाहीत. नियम आहे. फक्त बोथट."

कौस्तुभ चिप्स खात हसला. त्याच्या योद्ध्याचा राक्षसाने मघाशीच दगडी पुतळा केला होता, पण रुबाब तसाच. "तरी सांगत होतो, योद्धा हो. पुजारी म्हणजे नुसता प्रसाद वाटायला!"

ऋजुताने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "निखिलेश, पुतळ्याला धार असते का रे?"

निखिलेशने नियमपुस्तक दोनदा चाळलं. "नसते," तो नाइलाजाने म्हणाला.

"मग मी कौस्तुभला पायांना धरून उचलते."

"ए, ए!"

तिने टाकलेला वीस बाजूंचा फासा थेट वीसवर थांबला. राक्षस सपाट झाला. कौस्तुभचं फक्त नाक उडालं.

मग मेधाची पाळी आली. तिच्या जादूगाराकडे दिवसाला एकच मंत्र होता. "याला परत माणूस करू?"

पुढच्या दारामागून आणखी एक डरकाळी आली. ऋजुताने पुतळा खांद्यावर टाकला.

"राहू दे गं. आत्ता कुठे हात बसतोय."