हशाची जागा

निर्मात्याच्या ऑफिसात फटाकडी आपली पटकथा वाचून दाखवत होती आणि पंधरा पानं झाली तरी कुणी हसलं नव्हतं. तिच्या जिवात जीव आला.

पहिल्या मालिकेतलं ते नाव तिला जन्माचं चिकटलं होतं. पंचावन्नाव्या वर्षीही वॉचमनपासून निर्मात्यापर्यंत सगळे तिला फटाकडीच म्हणत. तिनं लिहिलेल्या विनोदांवर कितीतरी नट मोठे झाले. ही पटकथा मात्र तिनं स्वतःसाठी लिहिली होती. यातली बायको मीच करणार, हे तिनं निर्मात्याला आधीच बजावलं होतं. गोष्ट आपल्यावरच बेतलेली आहे, हे सांगितलं नव्हतं.

सोळावं पान आलं. नवरा गेल्याचं डॉक्टर सांगतात. त्याच्यासाठी जेवण घेऊन आलेली बायको विचारते, "मग आता हा डबा?"

वाक्य टाकून फटाकडी थांबली. श्वासभरच, पण तीस वर्षं ती हशासाठीच थांबत आली होती आणि समोरच्यांनाही ती जागा पाठ होती. निर्माता फिस्सकन हसला. दिग्दर्शकानं मांडीवर थाप मारली. मग कुणालाच आवरेना.

"सॉरी हं, ताई," दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाला. "पुन्हा घ्या."

तिनं पुन्हा घेतलं. या वेळी ते वाक्याच्या आधीच हसले.

नणंदेच्या भूमिकेसाठी बोलावलेली नटी शेजारी बसली होती. गंभीर कामांसाठी नावाजलेली. निर्मात्यानं ते पान तिच्या हातात दिलं. तिनं कुठेही न थांबता वाक्य म्हटलं आणि खोली चिडीचूप झाली. चहाचे कप उचलायला आलेली बाई दारातच थबकली. त्याच क्षणी फटाकडीला कळून चुकलं, की भूमिका हातची गेली. लिखाणात खोट नव्हती, खोट तिच्या तोंडात होती. पान हिसकावून घ्यावं इतका तिला त्या नटीचा राग आला.

"लिहिलंयस झकास," निर्माता म्हणाला. "बायको ही करेल. तू नर्स कर, फटाकडे. जरा हलकंफुलकं. लोकांनी रडायचं तरी किती?"

"करते की," ती म्हणाली. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं असतं, तर पटकथेलाही बाडबिस्तारा गुंडाळावा लागला असता.

नटी खुर्ची ओढून जवळ सरकली. कामाला वाघीण होती, वहीसुद्धा काढली तिनं.

"ताई, ही तुमच्या ओळखीतली कुणीतरी आहे ना? अगदी घडलेलं वाटतं. मग डब्याचं विचारल्यावर ती रडली का?"

"रडली की. हमसून हमसून रडली."

"सावरायला कुणी आलं?"

फटाकडीनं पटकथेची पानं टेबलावर आपटून सारखी केली.

"आले ना. अख्खा वॉर्ड गोळा झाला. शूटिंग चाललंय वाटलं त्यांना. टाळ्या वाजवल्या."