तिसऱ्या रांगेतला बाक

विरूपाक्ष सुतार एकेका बाकाखाली वाकून हात फिरवत होता आणि श्रीनाथ सर घड्याळाकडे पाहत होते. लातुरातल्या त्यांच्या क्लासची जुनी बॅच गेली होती, नवी सोमवारी येणार होती. स्टीलचे बाक व्हरांड्यात येऊन पडले होते. जुने सागवानी बाक जळणाच्या वखारीत जायचे होते, टेम्पो निघाला होता.

"मामा, वखारवाल्याला शब्द दिलाय मी. वीसच्या वीस कुठं ठेवू? झाडायचं म्हटलं तरी हलता हलत नाहीत. आठवण म्हणून एखादा न्या हवं तर."

"एकच द्या सर. पण माझ्या पसंतीचा."

दाराशी खुर्चीवर विरूपाक्षची आई बसली होती, शिवम्मा. वय पंच्याऐंशी, पण "मी बी येणार" म्हणून हट्टाने रिक्षात चढलेली. तिचं तरी काय चुकलं? हे बाक म्हणजे तिचं निलंग्याकडचं घर होतं. भूकंपात मातीच्या छताचं माळवद कोसळलं, नवरा त्याखाली गेला. ढिगाऱ्यातून तुळया निघाल्या तेव्हा तिने लेकाला बजावलं, लाकूड पुन्हा माझ्या डोक्यावर नको. गावाने घाबरून असलं लाकूड मागेल त्याला देऊन टाकलं. विरूपाक्षने तुळया चिरून ह्या क्लासचे बाक केले. डोक्यावर नको, तर पोरांच्या कोपराखाली असू दे, म्हणाला.

"अव्वा, घावला गं!"

तिसऱ्या रांगेतला बाक. चार बोटं जाड फळी, मधोमध आरपार भोक, त्यात कुणाचं तरी विसरलेलं बॉलपेन.

"हा होय!" सर हसले. "पेन ठेवायच्या भोकाचा. दरवर्षी भांडतात पोरं ह्याच्यासाठी. इथं बसलं की मेडिकलला नंबर लागतो म्हणे."

"पेनाचं न्हाई लेकरा," शिवम्मा म्हणाली. "पाळण्याची कडी हुती तिथं. माझी तिन्ही लेकरं त्याच कडीला झुलली. कडी कुरकुरली की शेजारच्या बायका म्हणायच्या, उठलं गं शिवम्माचं. लई ग्वाड आवाज हुता."

सरांनी भोकात बोट घातलं. शाईने काळं होऊन बाहेर आलं.

विरूपाक्षने पिशवीतून लाकडी हातोडा काढला. चार ठोके, चार खुंट्या. बाक सुटा होऊन फरशीवर आला.

"एकही खिळा नाही?"

"खिळा मारला की फळी त्याच कामाला अडकून पडती सर. खुंटी काढली की मोकळी. पुढं तिचं काय हुणार, आपल्याला काय ठावं हाय?"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. सर बाहेर गेले. बोलणं थोडं वाढलं, मग टेम्पो रिकामाच परत गेल्याचा आवाज आला. सर परत येऊन शेजारच्या बाकापाशी चक्क फरशीवर बसले.

"मामा, ह्याची खुंटी कुठल्या बाजूनं ठोकायची?"

विरूपाक्षच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून तो ती जाड फळी उचलून आईकडे गेला आणि खुर्चीला टेकवून उभी केली. घरी त्याची लेक मंजुषा बाळंतपणाला आलेली होती, नात दहा दिवसांची झाली होती.

"अव्वा, पोरीला पाळणा करतो ह्याचा. चार पायांचा, भुईवर ठेवायचा. तुला भ्या वाटायचं न्हाई."

शिवम्माने पदराचं टोक भोकात घालून शाई पुसली. किती तरी वेळ पुसत राहिली.

"भुईवर कशाला?" ती म्हणाली. "वर टाक आडवी. कडी त्याच भोकात बसव. आन माझी खाट तिच्या खाली सरकव."