चिमटीतला कुरमुरा

"केवढी झाली हो लेक?" बोरन्हाणाला बसलेल्या शाल्मलीच्या डोक्यावर बोरे-कुरमुरे ओतताना शेजारी नुकत्याच राहायला आलेल्या काकूंनी विचारले.

"दहा महिन्यांची," मी म्हणालो. तिला पाठीमागून धरून बसलेल्या पत्नीने मान खाली घातली.

शाल्मली पावणेदोन वर्षांची होती. सातव्या महिन्यात जन्मलेली, पहिल्याच आठवड्यात रक्तात जंतुसंसर्ग झालेली. त्यानंतर तिला सारेच उशिरा जमत गेले.

इतक्यात तिने अंगठा आणि तर्जनी जुळवून मांडीवरचा एक कुरमुरा उचलला. वर्षभर आम्ही दोघे याच चिमटीची वाट पाहत होतो.

"उचलला," पत्नी पुटपुटली.

"दहाव्या महिन्यात सगळीच उचलतात, बाई," काकू हसल्या.

शाल्मलीने तो कुरमुरा माझ्या ओठांशी आणला. तो घ्यायलाही माझ्याने तोंड उघडवेना.