नावावरची पट्टी
कंपनीचे हिशेब तपासताना मी तिचं नाव कागदाच्या पट्टीने झाकते. नावाची भीड पडते. आज दादाने पट्टी स्वतःच लावून आणली. "मित्राची सॉफ्टवेअर कंपनी आहे. बघ, तुझ्या तावडीतून सुटते का." मी पाच वर्षांचे आकडे ओळीने मांडले. विक्री दरवर्षी वाढत होती. ग्राहकांकडून प्रत्यक्ष येणारा पैसा मात्र आटत होता. "दादा, खोटी विक्री दाखवलीय. नुसते कागदी घोडे." "चूक झाली असेल गं." "एखाद्या वर्षी होते. दरवर्षी कशी होईल?" "मग सही करणाऱ्याचं काय होतं?" "तुरुंग," मी सहज म्हणाले. "सहीचं पान दे." ते त्याच्या तळहाताखाली होतं. त्याने नावावरची पट्टी काढली, सहीवर चिकटवली आणि पान पुढे केलं. पट्टी आखूड पडली. सहीचा फराटा बाहेरच राहिला. बाबा गेल्यावर माझ्या प्रगतिपुस्तकांवर तोच असायचा.