आकांक्षाची वही

आकांक्षाचे दात नम्रताच्या मनगटात रुतले होते. नम्रताने हात खेचला नाही. खेचला की मांस फाटतं, एवढं विशेष शिक्षिका म्हणून अठरा वर्षांत ती शिकली होती. उलट तिने हात तोंडात अजून ढकलला, तेव्हा कुठे त्या पंधरा वर्षांच्या पोरीने जबडा सोडला. रक्त आलंच.

"बघितलंत?" नुकताच वर्गाच्या दारात आलेला दीपक तिथेच थबकला. "मी आलो काय, हिचं सुरू! बापाला बघून पोरं हसतात हो मॅडम."

शाळेतल्या मावशींनी आकांक्षाला बाजूच्या खोलीत नेलं. ती बोलत नाही. तहान, भूक, पंखा, सगळं चित्रांच्या कार्डांवर बोट ठेवून सांगते.

टेबलावर निवासी संस्थेचा अर्ज होता. संस्था पार नगरकडे, भेट वर्षातून दोनदा. नम्रताची सही झाली की पोरगी तिकडे रवाना. नम्रताला ते नको होतं, अगदी मनापासून नको होतं. गेल्याच आठवड्यात, शुक्रवार ते रविवार, तिने आकांक्षाला परळच्या या शाळेतर्फे कर्जतच्या शिबिराला नेलं होतं. तीन दिवस पोरीने कुणाला बोटही लावलं नव्हतं.

"तिकडे नसेल लावलं," दीपक म्हणाला. "रविवारी घरी आली आणि तासाभरात माझ्या ताईचा हात मोडला. लाटणं घातलं. आता बोला!"

त्याच्याबरोबर आलेली त्याची मोठी बहीण शांता शेजारीच बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, ओठाला टाका. दीपकची बायको गेल्यापासून लालबागच्या त्या दोन खोल्यांत माणसं तीनच, आणि आकांक्षाचं सगळं ही आत्याच करायची. दीपकने तिच्या पाठीशी उशी सरकवली, पाण्याची बाटली उघडून दिली. भाऊ असावा तर असा, असं शाळेतल्या सगळ्याजणी म्हणायच्या.

"शांताताई, तुम्हाला काय वाटतं?"

"मी काय सांगू, बाय? वहीत लिहिलंय सगळं."

वही म्हणजे वर्तनवही. घरी आकांक्षाने मारहाण केली की शांताने वार, वेळ, काय केलं, कुठे लागलं, ते लिहायचं. आठवडा संपला की पालकाने सही करायची आणि वही शाळेत आणायची. नियम नम्रताचाच. तिने वहीची मागची पानं चाळली.

'बुधवार. तापलेल्या सांडशीने पाठ भाजली.' 'सोमवार. केस धरून डोकं मोरीच्या कट्ट्यावर आपटलं. तीन टाके.' 'गुरुवार. पोटात लाथा.'

शाळेत फक्त चावणारी पोर घरी एवढी कशी पिसाळते, देव जाणे. अठरा वर्षांचा अनुभव काय चुलीत घालायचा? नम्रताला स्वतःचीच लाज वाटत होती.

"नका पाठवू म्हणणं सोपं आहे," दीपकचा आवाज भरून आला. "उद्या ताईला जिवानिशी मारेल ही. तेव्हा तुम्ही येणार आहात?"

नम्रताने पेनाचं टोपण काढलं.

"गेल्या आठवड्याचं पान वाचायचं राहिलं," शांता हळूच म्हणाली आणि डाव्या हाताने वही पुढे सरकवली.

"अगं ताई, त्यात काय नवीन असणार? आत्ताच खाली बाकावर सही केली ना मी. सगळं तेच ते."

"नियम हा ना तुझो? वाच गो बाय."

नम्रताने पान उघडलं. एकच नोंद होती, डाव्या हाताने काढलेल्या वाकड्यातिकड्या अक्षरांत.

'शनिवार. संध्याकाळी सात. आकांक्षाने लाटण्याने मारलं. हात मोडला.'

शनिवारी संध्याकाळी सात वाजता आकांक्षा कर्जतला नम्रताच्या ताटातला वरणभात खात होती.

पानाच्या तळाशी दीपकची सही होती.